घाम गाळणाऱ्याचं काळीज : एका समजुतीचं खंडन

जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत हृदयरोगाच्या सर्वेक्षणाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. ‘बीपी, शुगर, अटॅक ही बसून खाणाऱ्यांची दुखणी. आमचा माणूस दिवसभर वावरात राबतो, भाकरी खातो, अंगावर मुठीत धरायला चरबी नाही. त्याच्या दंडाला कशाला पट्टा गुंडाळता?’ हे मत फक्त पारावरचं नाही. शिकल्यासवरल्यांतही ते तितकंच मुरलेलं आहे, कारण ‘श्रीमंतीचे आजार’ हा प्रयोग वैद्यकाच्या पुस्तकांनीच रूढ केला. त्याचं खंडन करायचं तर आधी ते पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवं. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्षाला चार आधार आहेत. पहिला श्रमाचा, आणि तो पोकळ नाही. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांची तुलना ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. कष्ट हृदयाला राखतात, हे तेव्हापासून वारंवार दिसलं आहे. दुसरा आधार अन्नाचा : दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. यात मैदा नाही, लोणी नाही. तिसरा देहाचा : खान्देशातला शेतमजूर बहुधा सडपातळ. चौथा आकड्यांचा : गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात झालेल्या पाहण्यांत हृदयरोगाचे रुग्ण शहरांत जास्त आणि खेड्यांत कमी सापडत गेले. या चौघांवरून निष्कर्ष असा निघतो की ग्रामीण प्रौढांच्या हृदयाची पाहणी हा पैशाचा आणि आशाताईंच्या वेळेचा अपव्यय आहे.

चौथ्या आधारापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे तिघे त्याच्याच खांद्यावर उभे आहेत.

पाहणी जिवंत माणसांची होते. समजा दोन गावं आहेत, दोन्हींत दहा-दहा जणांना झटका आला. एका गावाजवळ मोठं रुग्णालय आहे, तिथले आठ वाचले. दुसऱ्या गावातून तालुक्याला पोचेपर्यंत सहा गेले, चार उरले. वर्षभराने पाहणी करणारा येतो आणि ‘हृदयरोग आहे का?’ असं विचारतो. पहिल्या गावात त्याला आठ सापडतात, दुसऱ्यात चार. तो लिहून नेतो की दुसऱ्या गावात हृदयरोग निम्मा आहे. रोग तेवढाच होता, वाचण्याची सोय निम्मी होती. ‘कमी सापडले, म्हणून कमी होतात’ हा हेतू इथेच कोसळतो. दुसरी गफलतही याच जातीची. ‘डॉक्टरांनी तुम्हाला बीपी असल्याचं सांगितलंय का?’ या प्रश्नाला ज्याचं बीपी कुणी कधी मोजलंच नाही तो माणूस ‘नाही’ म्हणणार, आणि ते ‘नाही’ आपण निरोगीपणाच्या खात्यात टाकणार.

मग जिवंतांऐवजी घटना मोजल्या तर? ‘प्युअर’ नावाच्या अभ्यासाने नेमकं तेच केलं. भारतासह १७ देश, ६२८ वस्त्या आणि १,५६,४२४ माणसं सरासरी चारेक वर्षं नजरेखाली ठेवून २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धोक्याच्या घटकांचा एकत्रित भार शहरांत जास्त निघाला, खेड्यांत कमी. इथवर पूर्वपक्षाचा विजय. पण झटका, पक्षाघात, हृदय निकामी होणं अशा मोठ्या घटना दर हजार व्यक्ति-वर्षांमागे शहरांत ४.८३ झाल्या, तर खेड्यांत ६.२५. अशा घटनेतून दगावण्याचं प्रमाण शहरांत १३.५२ टक्के होतं, खेड्यांत १७.२५. धोका कमी, मृत्यू जास्त. हे चार शब्द मान्य केले की खेड्यातल्या माणसाची प्रकृती आणि त्याचं नशीब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मान्य करावं लागतं.

भारतापुरता पुरावा हवा असेल तर तोही आहे. रजिस्ट्रार जनरलच्या नमुना नोंदणी पद्धतीतल्या घरांमध्ये जाऊन, मृत्यू कसा झाला हे नातेवाइकांना विचारून कारण ठरवणारा ‘मिलियन डेथ स्टडी’ डॉ. प्रभात झा यांच्या पुढाकाराने झाला. त्याचं हृदयविकार आणि पक्षाघात यांवरचं विश्लेषण २०१८ मध्ये आलं. २०००पासून २०१५पर्यंत ३० ते ६९ या वयात हृदयविकाराने मरण्याचं ग्रामीण प्रमाण झपाट्याने चढलं आणि शहराच्या पुढे गेलं. आंध्रातल्या पूर्व आणि पश्चिम गोदावरी जिल्ह्यांतल्या ४५ गावांत हीच पद्धत वापरली, तेव्हा एकूण मृत्यूंपैकी ३२ टक्के रक्ताभिसरणाच्या विकारांचे निघाले, संसर्गजन्य रोगांचे १२ टक्के. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या ८६ गावांत ‘सर्च’ या संस्थेने दोन वर्षांतल्या १,५९९ मृत्यूंचा छडा लावला. सर्वांत मोठं कारण पक्षाघात ठरलं : २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के. त्यांतले ८७.३ टक्के घरीच झाले होते. गडचिरोलीत चरबीयुक्त जेवण आणि गुबगुबीत खुर्च्या फार आहेत, असं कुणी म्हणणार नाही.

घरी झालेला मृत्यू सरकारी कागदावर कारणाविना राहतो. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले अवघे २२.५ टक्के होते. जळगाव जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या ४२ लाखांवर आणि धुळ्याची २० लाखांवर. दोन्हींत दोन-तृतीयांशाहून जास्त माणसं खेड्यांत. सातपुड्याच्या पायथ्याशी एखादा बाप्या रात्री छातीत कळ येऊन, ‘गॅस धरला’ म्हणून सोडा पिऊन, पहाटे गेला तर त्याच्या मृत्यूचं कारण कुठे लिहिलं जातं? गावाच्या आठवणीत त्याला ‘अटॅक’ही म्हणत नाहीत. मग ‘आमच्याकडे अटॅक नसतात’ हे म्हणायला मोकळीकच मोकळीक.

आता श्रमाकडे. मॉरिस यांचा निष्कर्ष खोटा नाही, पण त्याची व्याप्ती ताणलेली आहे. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच शहरातले, एकाच खात्यातले, एकाच दर्जाच्या वैद्यकीय सोयीतले होते. फरक मुख्यतः जिन्याचा होता. शेतमजूर आणि शहरी कारकून यांच्यात मात्र श्रमाशिवाय पगार, जेवण, तंबाखू, झोप आणि दवाखान्याचं अंतर, सगळंच वेगळं आहे. ‘प्युअर’च्याच २०१७च्या विश्लेषणात कामातले श्रमही उपकारक ठरले, हे मी आनंदाने मान्य करतो. पण उपकारक असणं निराळं आणि बाकीचे सगळे अपकार पुसून टाकणं निराळं.

शिवाय आजचा खान्देश किती राबतो, हेही पाहायला हवं. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या बागांत पूर्वी रात्री-अपरात्री उभं राहून, फावड्याने बारे फोडत पाणी भरावं लागे. जळगावच्याच जैन इरिगेशनने पसरवलेल्या ठिबकने ते काम व्हॉल्व्ह फिरवण्यावर आणलं. ही प्रगतीच आहे, पण तिच्याबरोबर घाम गेला. नांगरटीला ट्रॅक्टर, फवारणीला बॅटरीचा पंप, वावरात जायला मोटारसायकल. बागायतदाराचे कष्ट घटले. कोरडवाहू पट्ट्यातल्या, म्हणजे शिंदखेडा, पारोळा, अमळनेरकडच्या मजुराचे कष्ट उरले, पण हंगामी. कापूस वेचणीत पाठ मोडते, होळीनंतर हाताला काम नसतं. वर्षाची सरासरी काढून दोघांनाही ‘शेतकरी’ म्हणायचं आणि दोघांनाही श्रमाचं अभयदान द्यायचं, ही अतिव्याप्ती झाली.

देहाचा आधार तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाने कधीच खिळखिळा केला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३, कागदावर दोघेही सडपातळ. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२. याच गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून हलकी. पण हा तुटवडा मुख्यतः स्नायूंमध्ये होता, चरबी त्या मानाने राखलेली. म्हणजे हडकुळं दिसणारं मूलही आतून चरबीचा साठा घेऊन येतं, आणि पुढे पोट सुटलं की मधुमेहाची वाट मोकळी होते. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या मधुमेहाच्या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, ग्रामीण महाराष्ट्रात ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला होता. शहरात १०.९ टक्के. शहरापेक्षा कमी, हे खरं. पण ‘आमच्याकडे नसतोच’ याला हा आकडा पुरेसं उत्तर आहे.

यातून खान्देशासाठी एक प्रश्न उभा राहतो, जो मला कुठल्याही ठरीव प्रश्नावलीत दिसत नाही. १९७२च्या दुष्काळात जे आईच्या पोटात होते, ते आज पन्नाशी ओलांडून गेले. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या उपासमारीत गर्भावस्थेच्या सुरुवातीचे महिने काढलेल्यांत पुढे हृदयविकार जास्त आढळला. आपल्याकडेही तसंच झालं असेल, असं मी म्हणत नाही. पण धुळ्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात जन्मवर्ष नीट विचारून ते बीपीशी आणि साखरेशी ताडून पाहणं फुकटात होण्यासारखं आहे. गरिबी हृदयाला राखते की पोखरते, याचं उत्तर तिथे मिळेल.

राहिला अन्नाचा आधार. भाकरी चांगलीच आहे, पण ताटात ती एकटी नसते. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळू लागल्यापासून रोजच्या खाण्यात ज्वारीचा वाटा आकसला. उडदाचे पापड, बिबडे, लोणचं, शेवभाजीतली शेव, ठेचा : यांतल्या प्रत्येकात मीठ मुक्त हस्ताने पडतं, आणि पापडखारातही सोडियमच असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. भारतीय माणूस साधारण दुप्पट खातो. ‘जेवताना वरून मीठ घेता का?’ असं विचारलं तर घरोघर ‘नाही’ येईल, कारण मीठ आधीच पापडात पडलेलं असतं.

आणि पूर्वपक्ष ज्याचं नावच घेत नाही, तो पाचवा मुद्दा : तंबाखू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ग्रामीण पुरुषांत ४२.७ टक्के तंबाखूचं सेवन करणारे निघाले, शहरी पुरुषांत २८.८. बायकांत १०.५ विरुद्ध ५.४. इथे ‘शहरी आजारा’चा तराजू उलटा झुकतो. महाराष्ट्रात तर सिगारेट-बिडीपेक्षा तोंडातली तंबाखू भारी आहे. २०१६-१७च्या तंबाखूविषयक पाहणीत धूर ओढणारे ३.८ टक्के, तर चघळणारे, मळणारे, घासणारे २४.४ टक्के. ‘सिगारेट ओढता का?’ विचारून पुढे जाणारी पाहणी सात भागांतले सहा भाग सोडून देते. तळहातावर चुना मळला की निकोटिन तोंडाच्या अस्तरातून भराभर रक्तात जातं, नाडी आणि बीपी दोन्ही वर सरकतात. ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरत्र ५८.८व्या. २०१२पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण साध्या तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी ही बंदीच्या कक्षेत नाहीत. मिशरीला तर कुणी व्यसनही मानत नाही, ते दात घासणंच.

इथवर खंडन झालं. मंडनाच्या वाटेवर मात्र आणखी एक आक्षेप उभा आहे, आणि तो जास्त समजूतदार आहे : ‘मानलं, आजार आहे. पण सर्वेक्षणाने तो बरा होतो का? बीपी मोजायचं, फॉर्म भरायचा, भल्या माणसाला पेशंट करायचं आणि निघून जायचं. त्यापेक्षा गोळ्या आणा, अ‍ॅम्ब्युलन्स आणा.’ यात तथ्य आहे, आणि ते वाईट सर्वेक्षणाविरुद्ध आहे. वाईट कसं असतं, ते जवळून पाहू.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई ‘सीबॅक’ नावाचा फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, आईवडील-भावंडांत बीपी-मधुमेह-हृदयरोग : प्रत्येकाला गुण. बेरीज ४च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी प्राधान्य. आता चोपडा तालुक्यातला पंचेचाळिशीचा एक मजूर कल्पून पाहा. कंबर बारीक, शून्य. वावरात काम, शून्य. दारू रोजची नाही, शून्य. वडील अचानक गेले, पण त्यांचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं, म्हणून घराण्यात आजार ‘नाही’, शून्य. उरले वय आणि रोजची तंबाखू. बेरीज ४ ओलांडत नाही. त्याचं बीपी १७०/१०० असलं तरी गुणांत ते दिसणार नाही, कारण बीपी हा गुणांचा रकानाच नाही. पूर्वपक्षाची ‘बारीक आणि कष्टाळू म्हणजे सुरक्षित’ ही समजूत फॉर्ममध्ये शिरून बसली आहे.

मोजण्यातही तेच. दुपारी एकला पथक आलं की बाप्ये वावरात आणि पोरं कामधंद्याला असतात. पट्ट्याखाली येतात म्हातारी माणसं आणि घरातल्या बाया. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबं यादीतूनच गळतात, आणि साक्री-शिरपूरच्या आदिवासी पाड्यांत गळती सर्वांत मोठी. त्यांना आजार नाही म्हणून नव्हे : डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८च्या अहवालात आदिवासी प्रौढांपैकी साधारण चारांत एकाला उच्च रक्तदाब असल्याचं नोंदवलं आहे. मग डोक्यावरचं कापसाचं गाठोडं उतरवून आत्ताच आलेली बाई बाजेवर बसते, पाय लोंबकळत, तोंडात मिशरी. पट्टा पोलक्याच्या बाहीवरूनच गुंडाळला जातो, ती शेजारणीशी बोलत असते, आणि एकच आकडा लिहून घेतला जातो. तो आकडा जास्त निघाला तर खोटा, कमी निघाला तरी अविश्वसनीय. तंबाखू-चहानंतर अर्धा तास थांबणं, १५ मिनिटं गप्प बसवणं, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, तीन वेळा मोजून शेवटच्या दोहोंची सरासरी : जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ पद्धतीची ही शिस्त कडक वाटते, पण तिला खर्च येतो तो फक्त वेळेचा. ऋतूही लिहायला हवा. थंडीत बीपी चढतं, उन्हाळ्यात उतरतं. भुसावळच्या मे महिन्यातला आकडा आणि जानेवारीतल्या गारठ्यातला आकडा शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणणं म्हणजे हवामानाचं श्रेय आरोग्य खात्याला देणं.

चांगलं सर्वेक्षण औषधाच्या विरुद्ध पक्षात नसतं, ते औषधाची पहिली पायरी असतं. नोव्हेंबर २०१७मध्ये पाच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याचा गाभा साधा : सगळ्यांसाठी एकच ठरलेली औषधयोजना, गोळ्या घराजवळच्या केंद्रात, आणि प्रत्येक रुग्णाचं पुढचं मोजमाप नोंदवहीत. मोजणं आणि उपचार एकाच साखळीत आले. ‘खेड्यात काही करून उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांनी चीनकडेही पाहावं. तिथल्या ६०० खेड्यांत, आधी पक्षाघात झालेल्या किंवा साठीपुढच्या उच्च रक्तदाबाच्या सुमारे २१ हजार माणसांपैकी निम्म्या गावांतल्यांना नेहमीच्या मिठाऐवजी एक-चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. २०२१ मध्ये निकाल आला : पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना असं मीठ चालत नाही, म्हणूनच कुणाला काय आहे हे आधी मोजलेलं असावं लागतं.

मोजल्याने भला माणूस पेशंट होतो, या भीतीलाही इथेच उत्तर आहे. एका आकड्यावर गोळी सुरू करणं चूकच. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून खात्री करणं हा सर्वेक्षणाचा भाग मानला, तर भल्या माणसाला गोळी लागत नाही आणि आजारी माणूस निसटत नाही. उलट न मोजलेल्या माणसाला आपण निरोगी ठरवत नसतो, फक्त त्याच्या आजाराची तारीख पुढे ढकलत असतो.

तेव्हा सिद्धान्त असा. कष्ट, भाकरी आणि बारीक कंबर यांचा हृदयाला आधार आहे, पण तो धोक्याचा भार थोडा हलका करण्याइतका. तंबाखू, मीठ, न मोजलेलं बीपी आणि दवाखान्याचं अंतर मिळून तो आधार खाऊन टाकतात. म्हणून जळगाव-धुळ्याच्या ग्रामीण पाहणीने शहरी प्रश्नावली उसनी घेऊ नये. तिच्या अहवालात सरासरी बीपी किती, याआधी चार आकडे छापलेले असावेत : बीपी जास्त निघालेल्यांपैकी किती जणांना ते आधी माहीत होतं, किती जण औषध घेत होते, किती जणांचं आटोक्यात होतं, आणि मागच्या वर्षभरात छातीत कळ येऊन किंवा अंगावरून वारं जाऊन जे गेले, त्यांतले किती जण दवाखान्याच्या दारापर्यंत पोचले. हे चार आकडे नसलेला अहवाल कितीही जाड असला, तरी त्याला सर्वेक्षण म्हणू नये. आणि ते हाती येईपर्यंत ‘आमच्याकडे हे नसतं’ असं ठासून सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.